लुसिड ड्रीमिंग बरेच महिने करून बघितलं, स्वप्न खरंच कंट्रोल होतं का?

आधीच सांगतो, झोपेत असताना 'अरे हे स्वप्न आहे' हे कळणं (यालाच लुसिड ड्रीमिंग म्हणतात) जमतं, पण सगळं आपल्या मनासारखं होतं म्हणतात ते काही खरं नाही. पावसाळ्यात सुरू केलं, अजून चालू आहे.

मेथड स्वप्नांवर संशोधन करणाऱ्या स्टीफन लाबर्जची, माइल्ड म्हणतात. झोपून पाचेक तास झाले की गजर लावून उठायचं, आत्ता काय स्वप्न पडलं ते आठवायचं आणि 'पुढच्या वेळी मला कळेल' असं घोकत परत आडवं व्हायचं. आरईएम झोपेचे (डोळे मिटलेले असूनही भराभर हलतात ती, जास्त करून स्वप्नांची झोप) टप्पे पहाटेकडे लांबत जातात, त्यामुळे खरी मजा साखरझोपेत. २०१७ च्या ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या अभ्यासात घोकून झाल्यावर पाच मिनिटांत परत झोपणाऱ्यांना ४६ टक्के वेळा जमलं होतं, आणि माझं नेमकं तिथंच अडतं, एकदा डोळा उघडला की डोक्यात ऑफिस सुरू.

ओळखायचं कसं तर पाटी दोनदा वाचायची. एसटीवर 'स्वारगेट' होतं, परत बघितलं तर भलतंच काहीतरी, तिथंच कळलं. मग आनंदाने उडी मारली की लगेच जाग! हातावर हात चोळत राहिलं तर थोडं टिकतं. गच्चीवरून तरंगता येतं, पण आज्जीला बोलवलं की दार उघडून शेजारच्या काकू येतात, त्याला काय करणार.

झोपेत लाइट लावून 'हे स्वप्न आहे' अशी खूण देणारा लाल लाइटवाला आय मास्क पण घेतला (कंपनीचं नाव नको), पैसे पाण्यात. एक तर जागच येते नाहीतर तो लाइट स्वप्नात रिक्षाचा ब्रेकलाइट होतो आणि मी आपला रिक्षाच्या मागे पळतोय.

थापा वाटत असतील तर, आरईएममध्ये अंग लुळं पडतं पण डोळे हलतात, म्हणून १९७५ ला इंग्लंडमधल्या हल युनिव्हर्सिटीत कीथ हर्नच्या प्रयोगात ॲलन वर्स्लीने झोपेतूनच डोळे डावी-उजवीकडे फिरवून ठरलेली खूण दिली, मशीनवर रेकॉर्ड झाली. २०२१ च्या एका संशोधनात तर झोपलेल्याला ८ वजा ६ विचारलंय आणि डोळ्यांनीच २ उत्तर आलंय.

माझा फायदा म्हणाल तर दहावीच्या गणिताचा पेपर. अजून पडतो स्वप्नात, वर्ग तोच, सर तेच, ते काही बदलता येत नाही, पण कळलं की पेपर बाकावर ठेवून सरळ बाहेर पडतो. झोप आधीच तुटक असेल तर मात्र या नादी लागू नका, मी पण गजर शनिवारीच लावतो.