रॉबर्ट स्मेलचा छापखाना, इनरलीदन : खिळे हाताने जुळवून पाहा

स्कॉटलंडच्या दक्षिणेकडील इनरलीदन गावात १८६६ साली सुरू झालेला हा छापखाना १९८६पासून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे. यंत्रे एकेकाळी पाणचक्कीवर चालत. व्हिक्टोरियन काळातलं गाव समजून घ्यायचं तर इथली जुन्या छपाईकामांचे नमुने चिकटवलेली जाडजूड बाडं आधी चाळावीत. गावाचा रोजचा व्यवहार त्यांत दिसतो.

खरी मजा मात्र जुळणीच्या खोलीत. इथे पाहुण्यांनाही खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवायला मिळतात. स्टिक, म्हणजे खिळे ओळीत लावायची छोटी पट्टी, डाव्या हातात धरायची, खिळ्याची खाच वरच्या बाजूला ठेवायची आणि अक्षरं उलटी, पण डावीकडून उजवीकडे लावत जायची. इंग्रजी बी-डी, पी-क्यू इथे हमखास फसवतात, म्हणून खाच बोटाने चाचपावी. ओळ भरली की शब्दांमध्ये कोरे खिळे घालून ती घट्ट करायची. सैल राहिली तर उचलताना सगळं कोसळतं. फार दाबून भरली तर शेजारच्या ओळी सैल राहतात आणि त्यांचे खिळे निसटतात. वापरलेला खिळा चुकीच्या खणात परत टाकू नका, पुढच्या जुळाऱ्याची चूक तिथेच पेरली जाते.

घाईत उरकण्याची ही जागा नाही. मुलांना जरूर न्या, आणि जाण्यापूर्वी उघडण्याचे दिवस तपासा.