एकच अरुको मार्कर की चारुको बोर्ड?

नवी मुंबईतील महापे औद्योगिक वसाहतीत यंत्रहाताच्या कॅमेऱ्याला टेबलावरील जागा ओळखायला शिकवणाऱ्या एका मित्राला हा प्रश्न पडला आहे. अरुको मार्कर म्हणजे कॅमेऱ्याला ओळखता येणारे काळे-पांढरे चौकोनी छापील चिन्ह; चारुको बोर्ड म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखा तक्ता, ज्याच्या पांढऱ्या घरांत असे मार्कर छापलेले असतात. दोन्हींवरून कॅमेऱ्याच्या तुलनेत त्यांची जागा आणि कल काढता येतो.

आधी अचूकता पाहू. एकट्या अरुको मार्करची स्थिती केवळ चार कोपऱ्यांवरून काढली जाते. त्यामुळे एक कोपरा अर्ध्या पिक्सेलने चुकला तरी कोन बिघडतो, आणि मार्कर दूर किंवा अगदी समोरासमोर असला की दोन वेगळे कल जवळजवळ सारखेच जुळून मोजलेली स्थिती थरथरू लागते. चारुको बोर्डात बुद्धिबळाच्या पटाचे आतले कोपरे मोजले जातात. दोन काळ्या चौकोनांच्या संधीवरचे हे कोपरे अधिक नेमके सापडतात, संख्येने जास्त असतात आणि काही झाकले गेले तरी उरलेल्यांवर काम भागते. मोजमापासाठी हा फरक मला निर्णायक वाटतो.

छपाई दोन्हींची स्वस्तच आहे. खरी मेहनत सपाटपणाची. इथल्या पावसाळी दमट हवेत कागद फुगतो आणि बोर्ड मोठा असल्याने त्याला ते अधिक बाधते, म्हणून ताठ पत्र्यावर चकाकी नसलेली छपाई चिकटवावी. छापलेला चौकोन कॅलिपरने मोजणे दोन्हींत अनिवार्य आहे, कारण आकारातील चूक त्याच प्रमाणात अंतरात उतरते.

तेवढ्याच जागेत एकटा मार्कर मात्र अधिक दुरून वाचता येतो.

कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन (भिंगाची मापे आणि विकृती ठरवणे) आणि कॅमेरा व यंत्रहात यांच्या जागांचा मेळ घालणे यांसाठी चारुको घ्यावा. गोदामातील ट्रॉली ओळखणे किंवा लहान वस्तूवर चिन्ह लावणे एवढेच काम असेल, तर अरुको पुरेसा आहे.