हाताने लिहिलेली कथा टाइप करून घ्यायची असेल तर : खडेबाजारजवळचं डीटीपीचं दुकान

कथा, कविता, आठवणी, काहीही मराठीत टाइप करून घ्यायचं असेल तर बेळगावात खडेबाजारजवळच्या बोळात, बांगड्यांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर जा. पाटी लहान आहे, जिना अरुंद आहे. लग्नपत्रिका, मंडळांची पावती पुस्तकं, पुण्यस्मरणाच्या जाहिराती हे त्यांचं रोजचं काम. मी मात्र माझी कथा घेऊन गेले होते.

बी.ए.ला असताना मी लिहायची. जवळच्या कडोली गावातल्या साहित्य संमेलनात कथाकथन ऐकून आलं की रात्री झोप यायची नाही, वही घेऊन बसायची. लग्नानंतर शहापुरात फॉल-पिकोचं काम सुरू केलं, घर वाढलं, आणि लिहिणं सुटलं ते सुटलंच. आता मुलगी नोकरीला पुण्यात आहे, दुपार माझी आहे. वडगावात हातमाग जाऊन पॉवरलूम आले, त्या काळातल्या एका विणकराच्या घराची कथा इतकी वर्षं डोक्यात होती. ती फुलस्केपवर उतरली. दिवाळी अंकाला पाठवायची ठरवली, पण ते टाइप केलेलीच मागतात.

आपल्या गावात 1848 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, 1946 चं साहित्य संमेलन इथंच झालं, इंदिरा संत इथंच राहिल्या. तरी हाताने लिहिलेलं मराठी मन लावून टाइप करणारं माणूस शोधत मला बरंच फिरावं लागलं. आधी एका ठिकाणी दिलं तर त्यांनी संवाद परस्पर बदलून टाकले. माझ्या कथेतली सासू सुनेला विचारते, ‘कुठं जाऊलालीस गे?’ तिथं छापून आलं, ‘कुठे जात आहेस?’ सासू-सुनेचं भांडण बातमीसारखं वाचायला लागलं. फार वाईट वाटलं मला. ते घर, ती बोली, सगळंच कथेतून गेलं होतं.

ह्या दुकानातली टाइप करणारी मुलगी घरी कन्नड बोलते, शाळा मराठीत झाली. पहिलं पान वाचून तिनं विचारलं, ‘अक्का, बोलणं असंच ठेवू ना? बाकीचं शुद्धलेखन मी बघते.’ एवढं विचारणारं कुणी भेटलं ह्याचंच मला समाधान. निवेदनातले ऱ्हस्व-दीर्घ तिनं दुरुस्त केले, संवादांना हात लावला नाही. एका जागी सुनेचं नाव मधेच बदललं होतं, तेही तिनंच दाखवलं. म्हणजे ती नुसती टाइप करत नाही, वाचते.

एक गोष्ट मात्र काम देतानाच सांगा : युनिकोडमध्ये पाहिजे, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसतं. पत्रिका ते श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये करतात. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली असतात. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की फाईल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. मला त्यांनी युनिकोडची वर्ड फाईल आणि पीडीएफ, दोन्ही दिलं. पीडीएफमध्ये अक्षर हलत नाही, वर्डमध्ये संपादकांना दुरुस्ती करता येते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ ह्यातला र बऱ्याच ठिकाणी चुकतो, इथं बरोबर आला.

पानाला 40 रुपये घेतले. पहिलं प्रूफ त्यातच. दुसऱ्या प्रूफचे वेगळे पडतात, आणि ते आधी सांगत नाहीत. सांगायला पाहिजे. तुळशीच्या लग्नानंतर तिथं पत्रिकांची एवढी गर्दी असते की तुमचं काम मागं पडणार. गणपतीच्या आधीही पावती पुस्तकांची घाई असते. दिवाळी अंकासाठी द्यायचं असेल तर आषाढातच द्या.

प्रूफ घरी आणलं त्या दिवशी मशीन बंद ठेवून बसले. माझं वाक्य, माझं नाव, छापील. चार ओळी खोडल्या, एक परिच्छेद नवा लिहिला. हाताच्या अक्षरात ज्या जागा लपल्या होत्या त्या छापल्यावर लगेच दिसतात, म्हणून प्रूफ घाईनं परत देऊ नका.

कागदाच्या एकाच बाजूला लिहा, डावीकडं समास सोडा, पानांना आकडे घाला आणि मूळ प्रत झेरॉक्स काढून घरी ठेवा. रविवारी दुकान बंद असतं. दुपारी एकनंतर गेलात तर ती मुलगी जेवायला गेलेली असते. अकराच्या सुमारास जा आणि काम तिच्याच हातात द्या.