पंधरा ठिपक्यांची चाल

‘बीएमएल वॉकर’ हे सजीवांच्या हालचालींचे संशोधक निकोलाउस ट्रोये यांच्या ‘बायोमोशनलॅब’ या प्रयोगशाळेचे ब्राउझरमध्ये चालणारे विनामूल्य साधन आहे. पडद्यावर १५ ठिपके चालत राहतात. त्यांना ना चेहरा, ना कपडे. स्वीडनमधील उप्सालाचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी सांध्यांवरचे मोजके प्रकाशबिंदू तेवढे दिसतील अशा चित्रफिती लोकांना दाखवल्या आणि १९७३ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याच प्रयोगाचे हे आपल्या हाताने चालवता येणारे रूप म्हणता येईल.

मी पडद्याचे स्थिर छायाचित्र आईला दाखवले, तेव्हा तिला त्यात रांगोळीचे ठिपके दिसले. तेच ठिपके हलू लागल्यावर मात्र चष्मा सावरायच्या आत ती म्हणाली, “अगं, ही कुणी बाई चालली आहे.”

साधनात चार सरकपट्ट्या आहेत. पहिली पुरुषाकडे नेली की खांदे डोलू लागतात आणि स्त्रीकडे नेली की हेलकावा कमरेत उतरतो. या पट्टीमागे आणि जड-हलक्या बांध्याच्या पट्टीमागे चालणाऱ्या माणसांची खरी मोजमापे आहेत. आनंदी-दुःखी आणि अस्वस्थ-निवांत या पट्ट्या मात्र चाल पाहणाऱ्यांनी दिलेल्या गुणांवर बेतलेल्या आहेत. म्हणजे ‘दुःखी’ टोकाला दिसते ते दुःखी माणसाचे चालणे नव्हे, तर आपल्याला दुःखी वाटणारे चालणे, आणि हा भेद ध्यानात न घेता हे साधन वर्गात दाखवणाऱ्या शिक्षकाच्या हातून नकळत चुकीचा धडा दिला जाईल.

मी लॅपटॉप उलटा धरूनही पाहिला (घरच्यांनी हसून घेतले). ठिपके तेच, गतीही तीच, तरी बाई की पुरुष हे सांगताना मी अडखळले. ट्रोये आणि वेस्टहोफ यांच्या २००६ च्या अभ्यासानुसार चालण्याची दिशा ओळखताना पावलांच्या हालचालीतून मिळणारी खूण फार उपयोगी पडते आणि पावले उलटी झाली की ती हरपते. ठिपक्यांतून सजीवाची चाल ओळखण्याची ही जाण निदान काही अंशी उपजत असावी, कारण अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली, असे काही कधी न पाहिलेली कोंबडीची पिल्लेही सजीवाच्या चालीच्या ठिपक्यांकडे ओढली जातात.

ओळखीच्या माणसाची लकब ओळखणे मात्र सहवासाने येते. कटिंग आणि कोझलोव्स्की यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की मित्र एकमेकांना अशा ठिपक्यांवरूनही ओळखू शकतात. ती गंमत इथे अनुभवता येत नाही, कारण आपल्या माणसांची चाल या साधनात भरण्याची सोय नाही.

फोनपेक्षा मोठ्या पडद्यावर पाहावे आणि ठिपके जोडणाऱ्या रेषा सुरुवातीला बंदच ठेवाव्यात, कारण रेषा आल्या की सांगाडा आयता दिसतो आणि डोळ्यांना करण्यासारखे काही उरत नाही.