नव्या मरीन टँकमधलं शेवाळ: औषध आणावं, गोगलगायी आणाव्यात, की आधी पाणी सुधारावं?

मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याचा मत्स्यटँक लावून दीड महिना होतो, माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येतात, हौसेने आणलेली क्लाउनफिशची जोडी पाण्यात रुळते आणि आठवडाभरात पांढरी वाळू तपकिरी पडते. बहुतेक जण इथेच घाबरून दुकान गाठतात आणि एखादी बाटली घेऊन येतात. ती बाटली उघडण्याआधी पर्याय नीट पारखून घ्या. माझा टँक 120 लिटरचा आहे, ठाण्यात. पुढचं मत पहिल्या सहा महिन्यांच्या टँकपुरतंच आहे.

आधी नक्की काय उगवलंय ते ओळखा, कारण उपाय त्यावरच ठरतो. काचेवर बोट फिरवलं की पुसली जाणारी तपकिरी भुकटी म्हणजे डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. पाण्यातलं आणि नव्या वाळू-खडकांतलं सिलिकेट संपत आलं की ते काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. त्यांच्यावर एक रुपयाही खर्च करू नका. लालसर-जांभळी साय पापुद्र्यासारखी सुटून येत असेल, तर ते शेवाळ नव्हेच, ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत. खडकाला घट्ट धरून राहणारे हिरवे केस म्हणजे हेअर अल्गी. आणि शेंबडासारखे तपकिरी धागे, त्यांत अडकलेले बुडबुडे, रात्री कमी आणि दिवा लागला की पुन्हा जास्त, असं दिसलं तर डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) या सूक्ष्मजीवांचा संशय घ्या. थोडा गोळा बाटलीत घेऊन जोरात हलवा, टिश्यूतून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. धागे पुन्हा जुळले तर डायनो असण्याची शक्यता मोठी. हातमोजे मात्र घाला, काही जाती विषारी असतात.

हेअर अल्गी बहुधा पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे तिचं खत, वाढल्यावर फोफावते, तर डायनो बऱ्याचदा ते शून्यावर गेल्यावर. एकाचं औषध दुसऱ्याचं खाद्य ठरू शकतं.

आता पर्याय. माझा कौल सर्वांत आधी पाण्याला. आपल्याकडे अनेक जण स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरतात आणि निर्धास्त राहतात. पण ते यंत्र पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलं असतं. चवीसाठी त्यात क्षार परत मिसळले जातात, म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं मोजमाप) बहुधा 50च्या पुढेच दिसतो. मरीन टँकसाठी, मीठ मिसळण्याआधीच्या पाण्यात, तो शून्य हवा. त्यासाठी आरओनंतर उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचं कार्ट्रिज जोडावं लागतं, आणि आरओतून निसटलेलं सिलिकेटही तिथे अडतं. क्षार मिसळणारी जोडणी आधी बंद करा, नाहीतर रेझिन लवकर संपेल. बोअरवेलचं पाणी असेल तर रेझिन तसंही लवकर संपतं, तो खर्च धरून चला. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी रोज भरायचं ते याच गोड्या पाण्याने. तिथे नळाचं पाणी वापरलं तर रोज थोडं थोडं खत टाकल्यासारखं होतं.

पाणी बदलण्याकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवा. 20 टक्के पाणी बदललं तर नायट्रेट 40 वरून 32 वर येतं, शून्यावर नाही. माझ्या टँकसाठी त्या 24 लिटरना साधारण 850 ग्रॅम मीठ लागतं. म्हणून मी पाणी बदलताना त्याच नळीने सायनो आणि भुकटी ओढून घेतो, आणि केस हाताने उपटून बाहेर टाकतो. उपटलेल्या केसांबरोबर त्यांनी शोषलेलं फॉस्फेटही टँकबाहेर जातं. काम कंटाळवाणं आहे, पण मासे किंवा प्रवाळ गमावण्याचा धोका यात सर्वांत कमी.

गोगलगायी उत्तम मदतनीस, पण पुसून काढण्याच्या कामासाठी. लांब वाढलेले केस बहुतेक गोगलगायी खात नाहीत, ते आधी आपणच आखूड करायचे. 120 लिटरला पाच-सहापासून सुरुवात करा, एकदम वीस आणल्या तर डायटम संपताच उपाशी मरतील आणि पाणी बिघडवतील. किनाऱ्यावरून स्वतः उचलून आणू नका. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या नेराइट जातीच्या गोगलगायी टँकमधून चढून बाहेर पडतात. ट्रोकस नायलोटिकस आणि टर्बो मार्मोरॅटस या जाती 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आल्या, तेव्हा विक्रेत्याला जात विचारूनच घ्या. डायनो असतील तर गोगलगायी अजिबात नकोत, डायनो खाऊन त्या मरतात.

टँकखाली संप (जोडलेली दुसरी टाकी) असेल तर त्यात दिव्याखाली कीटोमॉर्फा हे शेवाळ वाढवणं मला फॉस्फेट रिमूव्हरपेक्षा बरं वाटतं. ती हळूहळू शोषते आणि वाढली की कापून टाकता येते. लोहयुक्त रिमूव्हर झपाट्याने काम करतो, आणि नेमकं तेच नव्या टँकला झेपत नाही. चौथ्या महिन्यात मी तो पूर्ण मात्रेत घातला. पाच दिवसांत फॉस्फेट टेस्ट किटवर दिसेनासं झालं, हेअर अल्गी पांढरी पडली, मला आनंद झाला. तीन आठवड्यांत डायनो आले आणि सगळ्या गोगलगायी गेल्या. आता वापरायचाच झाला तर पाव मात्रा, दर दोन दिवसांनी चाचणी, आणि फॉस्फेट 0.03 पीपीएमच्या खाली जाऊ न देणं, एवढं मी पाळतो.

दिवे सहा-सात तासांवर आणणं फुकट आहे, आजच करा. तीन दिवस पूर्ण अंधार केल्याने सायनो विरतात, पण कारण तसंच राहिलं तर परततात.

औषध सर्वांत शेवटी. सायनोवर एरिथ्रोमायसिन चालतं, पण टँक सांभाळणारे उपयुक्त जिवाणूही त्याच्या तडाख्यात सापडू शकतात, आणि नव्या टँकमध्ये ते मुळातच तोकडे असतात. शिवाय मेलेली साय कुजताना ऑक्सिजन खाते. तरीही द्यायचंच असेल, तर आधी जमेल तितकी साय नळीने ओढून काढा, एअर पंप दिवसरात्र चालू ठेवा आणि पहाटे, दिवे लागण्याआधी, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा तर टाकत नाहीत ना, ते उठून बघा.