आई-आप्पांसाठी दोन रात्रींचा मुक्काम: बेळगावहून मुंबईचं ताज की बेंगळूरचं वेस्ट एंड?

भर शहरातल्या मोठ्या हॉटेलात राहायचा योग आमच्याकडच्या घरांत क्वचितच येतो. कुणाच्या लग्नाची पन्नाशी असते, कुणाची निवृत्ती, तर कुणाची मुलगी परदेशी निघालेली असते. आमच्या घरी येत्या जानेवारीत आई-आप्पांच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत. भावानं बेंगळूरचं नाव काढलं, बहिणीनं मुंबईचं. आईचं म्हणणं, "एवढ्या पैशात सगळ्या घराला रंग काढून होतोय की." रंग दिवाळीला काढू, असं सांगून तिला गप्प बसवलं आणि आम्ही भावंडं हिशेबाला बसलो. शहापूर-टिळकवाडीत असोत, खानापुरात असोत की निपाणीत, बऱ्याच घरांत हाच पेच असतो. म्हणून दोन्ही बाजू इथं मांडतोय.

आधी माझं मत. ही तुलना हॉटेलांचे फोटो बघून करू नये, घड्याळ समोर ठेवून करावी. अशा हॉटेलात खोली साधारण दुपारी दोन-तीनला हातात येते आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला सोडावी लागते. म्हणजे एका रात्रीच्या भाड्यात जेमतेम वीस-बावीस तास मिळतात. त्यातली झोप वजा करा, बाहेर फिरणं वजा करा. गादी, बाग, समुद्र, निवांत चहा यांच्या वाट्याला किती वेळ उरतो ते बघा. आपल्याला बेळगावहून जायचंय, त्यामुळे गाडी कुठली घेता यावर यातला निम्मा निकाल लागतो.

बेंगळूरला जायचं म्हटलं की पहिली आठवते ती राणी चन्नम्मा एक्सप्रेस. संध्याकाळी बसायचं, सकाळी उतरायचं. सरकारी कामाला, कोर्टाला जाणाऱ्यांसाठी ती उत्तम. हॉटेलात राहायला जाणाऱ्याला मात्र अडचणीची, कारण सकाळी सातला तुम्ही दारात आणि खोली दुपारी दोनला! सामान हॉटेलवाले ठेवून घेतात, त्याला नाही म्हणत नाहीत. खरं पंचाहत्तरीतल्या माणसांनी आंघोळ न करता सात तास कुठं बसायचं? लवकर खोली मागितली तर ती मोकळी असेल तरच मिळते, आणि पुष्कळदा जादा पैसे पडतात.

ऑगस्ट 2025 मध्ये बेळगाव-बेंगळूर वंदे भारत सुरू झाली आणि हे गणित बदललं. पहाटे पाच-सव्वापाचला बेळगाव सोडते आणि दोनच्या आत-बाहेर बेंगळूरला पोचते. परतीची गाडीही दुपारी दोननंतर निघते आणि रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास बेळगावला आणून सोडते. म्हणजे खोली मिळायच्या वेळेला पोचायचं आणि खोली सोडून, पोटभर खाऊन, घाई न करता स्टेशनवर यायचं. एकही तास वाया जात नाही. बुधवारी ती धावत नाही आणि वेळा बदलत असतात, तेव्हा तिकीट काढताना तेवढं बघून घ्या. तोटाही सांगतो. आठ-साडेआठ तास खुर्चीवर बसायचं आहे. खानापूरला ती थांबत नाही, म्हणजे खानापूरकरांना पहाटे तीनला उठून बेळगाव गाठावं लागणार. ज्यांची कंबर धरते त्यांनी निदान जाताना एक्झिक्युटिव्हची सीट घ्यावी.

मुंबईला अशी सोयीची गाडी नाही. बेळगावहून रात्रीच्या गाड्या दादरला सकाळी सोडतात, स्लीपर बसचंही तेच. तिथून ताज जिथं आहे त्या अपोलो बंदरापर्यंत टॅक्सी. निपाणी-चिकोडीकडच्यांनी मात्र कोल्हापूर गाठून महालक्ष्मी एक्सप्रेस धरावी. ती थेट सीएसएमटीला नेते आणि तिथून ताज टॅक्सीनं अगदी जवळ. विमानाचं म्हणाल तर बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईचं आणि बेंगळूरचं उड्डाण तुमच्या तारखेला आहे का, ते आधी पाहा. बेंगळूरचा विमानतळ शहरापासून पस्तीसेक किलोमीटर लांब आहे. विमानात वाचवलेला वेळ त्या रस्त्यावर बराचसा जातो.

तेव्हा एकच रात्र राहायचं असेल तर माझ्या मते वाद नाही, बेंगळूर. मुंबईला एका रात्रीसाठी जाऊ नये. सकाळी पोचून दुपारपर्यंत ताटकळायचं, संध्याकाळ जरा हाती लागते तोवर दुसऱ्या दिवशी बॅगा भरायच्या. एवढा खर्च करून घाईच पदरात पडते.

आता दोन्ही जागा. बेंगळूरचं ताज वेस्ट एंड 1887 चं. ब्रॉन्सन नावाच्या इंग्रज बाईनं दहा खोल्यांचं बोर्डिंग म्हणून ते सुरू केलं. आज ते वीसेक एकरांच्या बागेत पसरलंय, समोर रेसकोर्स. इमारती बसक्या, झाडं जुनी आणि प्रचंड. आप्पांनी उभं आयुष्य शेत आणि परसातली झाडं सांभाळली आहेत, त्यांना ही जागा लिफ्टच्या हॉटेलापेक्षा लवकर आपली वाटेल. रेल्वे स्टेशनही जवळ आहे. त्या स्टेशनला नाव आहे क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांचं. संगोळ्ळी बैलहोंगल तालुक्यातलं, आणि रायण्णांना 1831 मध्ये फाशी दिली ती नंदगडला, आपल्या खानापूर तालुक्यात. आप्पा स्टेशनवर उतरले की ती पाटी वाचून थांबणार, हे मला आत्ताच दिसतंय.

या जागेची एक अडचण ध्यानात घ्या. बाग मोठी म्हणजे अंतरं मोठी. गुडघेदुखी असेल तर जेवणाच्या जागेजवळची, तळमजल्याची खोली बुकिंगच्या वेळीच मागा. आणि 'शहराच्या मध्यावर' असूनही इथं बाहेर पडून पायी हिंडायला फार काही नाही. कब्बन पार्क, विधानसौध गाडीनं जवळ आहेत, चालत नाहीत. मनात एम. जी. रोडचं फिरणं असेल तर त्या रस्त्यावरचं ओबेरॉय जास्त सोयीचं, मेट्रोही लागून आहे. थोडक्यात, वेस्ट एंड निवडताना तुम्ही बाग निवडता, शहर नाही. हे आधी मान्य केलं की ती जागा फार सुंदर आहे.

मुंबईच्या ताजचं उलटं. तिथं दारातून पाऊल टाकलं की मुंबई सुरू. समोर गेटवे, पायी दहा-पंधरा मिनिटांत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, त्याच्याच बाजूला जहांगीर आर्ट गॅलरी. जमशेटजी टाटांनी उभारलेलं हे हॉटेल 16 डिसेंबर 1903 ला उघडलं, गेटवे पुरा झाला 1924 मध्ये. म्हणजे ताज गेटवेपेक्षा एकवीस वर्षांनी थोरलं. आणि ज्यांनी त्याचा आराखडा हाती घेतला त्यांत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते, मराठी माणूस. आप्पांना हे सांगितल्यापासून ते मुंबईकडे झुकलेत. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात होरपळलेली ती वास्तू पुन्हा उभी राहिली. आमच्या पिढीनं ती आग दूरदर्शनवर रात्रभर पाहिली आहे. त्याच वास्तूच्या जिन्यावरून आई-आप्पा चालताना बघायचेत, हे मी मोकळेपणी कबूल करतो.

मुंबईत आणखी एक गोष्ट आमच्या भागातल्या माणसांना लागू पडते. गिरणगावात आपल्याकडचं कोण नाही? खानापूर, चंदगड, बेळगाव तालुक्यातल्या कितीतरी घरांतली माणसं लालबाग-परळला गेली, पुढं त्यांची मुलं डोंबिवली-विरारला. आई येणार म्हटलं की मावशी, मामेभाऊ, त्यांची सुना-नातवंडं भेटायला येणार. त्यांना खोलीत किती जणांना नेता येईल, किती वेळ बसता येईल, हे हॉटेलात आधी विचारून ठेवा. ओळखपत्रं मागतात, त्यात कुणी अपमान मानू नये. आमचा बेत असा, की एका दुपारी सगळ्यांना ताजमधल्याच सी लाउंजमध्ये चहाला बोलवायचं. त्याचं बिल लहान नसतं, म्हणून ते मुक्कामाच्या खर्चात आत्ताच धरलंय. बेंगळूरला हा खर्च नाही, खरं हा आनंदही नाही. आणि आईला तिथं वाढणाऱ्या पोराशी मराठीत बोलता येईल, "बाळा, चहा जरा कडक कर" असं सांगता येईल. आप्पांचं कन्नड पक्कं आहे, त्यांचं बेंगळुरात काही अडत नाही. आईचं अडतं, ती मग गप्प बसते.

ताजमध्ये जुना पॅलेस आणि 1973 चा टॉवर, असे दोन भाग. पॅलेसच्या खोल्या उंच छताच्या, जुन्या थाटाच्या आणि महाग. टॉवर त्या मानानं स्वस्त, पण वरच्या मजल्यावरून समुद्र छान दिसतो. समुद्राकडची आणि शहराकडची खोली यांच्या भाड्यात फरक असतो. घरात तरुण मंडळी असती तर मी शहराकडची घेऊन पैसे वाचवले असते. आई-आप्पा सकाळी साडेपाचला उठणार आणि खिडकीत बसणार. त्यांच्यासाठी समुद्राचे पैसे वाया जात नाहीत.

पैशांचं एवढंच सांगतो, भाडं रोज बदलतं. कर मात्र पक्का. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या खोलीवर 18 टक्के. समजा भाडं 20,000 दाखवलं तर हातात पडणारं बिल 23,600. दोन रात्रींचे 47,200. अशा महाग हॉटेलातल्या जेवणावरही 18 टक्के लागतात. म्हणून नाश्ता धरून असलेला दर घ्यावा, दुपारचं जेवण बाहेर करावं. बिलात सेवा शुल्क आपोआप लावता येत नाही, तशी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं जुलै 2022 पासून आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ती उचलून धरली. ते लावलेलं दिसलं तर शांतपणे काढायला सांगा. पोचल्यावर कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात, ती सुटायला काही दिवस लागतात. कार्डाची मर्यादा आधी बघा. स्वस्तात दिसणारा दर पुष्कळदा 'रद्द केल्यास पैसे परत नाहीत' असा असतो. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तो घेऊ नये, ताप काही विचारून येत नाही.

आता न्हाणीघराबद्दल, कारण यावर कुणी बोलत नाही. फोटोत दिसणारा तो टब वयस्कर माणसाला धोक्याचा. पाय उंच उचलून आत जायचं, ओल्या चिनीमातीवर उभं राहायचं आणि धरायला काही नाही. सरळ चालत जाता येईल असा शॉवर, भिंतीला धरायची दांडी आणि पायाखाली घसरू न देणारी चटई, या तीन गोष्टी फोनवर विचारा. नव्या हॉटेलांत न्हाणीघर आणि खोली यांच्यामध्ये काचेची भिंत असते, पडदा ओढायची कळ कुठेतरी भलतीकडे असते. पोचल्यावर आधी ती कळ दाखवून द्या. गरम-गार पाण्याचा एकच खटका कसा फिरतो तेही त्यांच्या हातानं फिरवून घ्या. चहाची किटली खोलीत असते, बरोबर भुकटीच्या दुधाच्या पुड्या. आमची आई तो चहा पिणार नाही, म्हणून सकाळी सहाला खोलीत चहा पाठवायचं आदल्या रात्रीच सांगून ठेवणार.

बेळगावातच एखाद्या चांगल्या हॉटेलात खोली घ्यावी का, हाही प्रश्न काकांनी काढला होता. प्रवास नको, दगदग नको. फार थकलेल्यांसाठी तो खरोखर चांगला पर्याय, आणि भाडं 7,500 च्या आत बसलं तर करही कमी. मात्र डिसेंबरात त्या नादाला लागू नका. बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की मंत्री, आमदार, अधिकारी, पत्रकार यांनी हॉटेलं आणि लॉज भरून जातात. आमच्यापुरतं म्हणाल तर कॅम्पातून आणि कॉलेज रोडवरून रोज जाणाऱ्या आप्पांना तिथंच खोलीत नेऊन बसवण्यात मला राम वाटला नाही.

तारखांचं थोडं. मुंबईला जून ते सप्टेंबर टाळा. पावसात गेटवेवर उभं राहता येत नाही, लाँचही बंद पडतात. घारापुरीच्या लेण्यांना सोमवारी सुट्टी असते. बेंगळूरला विषम सालाच्या फेब्रुवारीत येलहंक्याला एअरो इंडिया भरतं, तेव्हा खोल्या महागतात. दोन्हीकडे नाताळ ते नवीन वर्ष हे दिवस सोडून द्या.

तुमच्याकडे एकच रात्र असेल, माणसं झाडांत रमणारी असतील आणि भेटायला येणारे नातेवाईक नसतील, तर डोळे झाकून वेस्ट एंड आणि वंदे भारत. आमच्यापाशी दोन रात्री आहेत आणि मावशी आहे डोंबिवलीला, म्हणून आम्ही मुंबई धरली. टॉवरची समुद्राकडची खोली, जानेवारीतला मंगळवार ते गुरुवार. सोमवारी रात्री गाडीत बसायचं, मंगळवारी सकाळी दादरला उतरून मावशीच्या लेकीकडे आंघोळ-नाश्ता उरकायचा आणि दोनच्या ठोक्याला हॉटेलात. लग्नाची पन्नाशी आहे हे बुकिंग करताना सांगितलं, एकादशीचा उपास असल्याचंही लिहून घेतलंय. आईनं मावशीसाठी कुंदा कुठल्या दुकानातून घ्यायचा हे ठरवलंय, आणि हॉटेलात पाचवारी साडी नेसावी लागेल का नऊवारी चालेल, असं काल विचारत होती. नऊवारीच नेस, म्हटलं.