गच्चीची किल्ली काही केल्या सापडत नव्हती

जुनं घर घेताना आम्हाला कसं फसवलं गेलं, ते जरा तपशिलात लिहितोय. डाव माहीत असला, की दुसऱ्या घरातही तो ओळखता येतो.

घर स्वतंत्र, वर सिमेंटचा स्लॅब. आत ताजा रंग, हॉलला जिप्समचं फॉल्स सीलिंग, त्यात दिवे. फक्त गच्चीच्या दाराला कुलूप. किल्ली विकणाऱ्याच्या मुलाकडे, मुलगा परगावी. पुढच्या खेपेला कुलूपच गंजलेलं निघालं, म्हणे तोडावं लागेल. "वर बघायचंय काय, गेल्याच वर्षी वॉटरप्रूफिंग झालंय," हे दलालाचं पालुपद. आम्ही तपासणीचा आग्रह धरला, तर इंजिनिअरही त्यानेच आणला. त्या गृहस्थांनी भिंतींवरून हात फिरवला, खोल्यांचे फोटो काढले आणि 'बांधकाम सुस्थितीत' असा एक पानी दाखला दिला. त्यात छताचा उल्लेखच नव्हता. दाखल्याची फी मात्र आमच्याकडून.

पहिल्या सरींना काही झालं नाही. संततधार लागली आणि बेडरूममध्ये पंख्याच्या हुकाशी थेंब जमू लागले. पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपात शिरतं आणि त्यातून वाहत कुठल्याही पंख्याच्या नाहीतर दिव्याच्या तोंडाशी बाहेर पडतं. त्यामुळे गळतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडे. शिवाय विजेचा धोका असतो तो वेगळाच. त्या खोलीचा वीजपुरवठा आधी बंद केला.

मग हॉलचं फॉल्स सीलिंग फुगलं. ते उतरवताना कामगार म्हणाला, "साहेब, वर ताडपत्री आहे." जिप्समच्या वर, स्लॅबच्या खाली, व्यवस्थित उतार देऊन प्लास्टिक अंथरलेलं होतं आणि त्याच्या टोकाला एक नळी, ती थेट न्हाणीघरात सोडलेली. प्लास्टिकवर स्लॅबचे गळून पडलेले पोपडे साचले होते. वर पाहिलं तर सळया उघड्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या. ज्याने ही नळी बसवली, त्याला घर गळतं हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल?

आम्ही काही हलवण्याआधी शेजाऱ्यांना बोलावून सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवले. तुमच्यावर अशी वेळ आली तर दुरुस्तीच्या घाईत पुरावा उचकटून टाकू नका.

गच्चीवरची कहाणी आणखी निराळी. या वेळी आमचा स्वतःचा इंजिनिअर होता. मूळ विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर सिमेंटचा थर, त्यावर फरशी, त्यावर चकचकीत पांढरं कोटिंग. दर वेळी गळालं की जुनं न काढता वर नवा थर, असा प्रकार. थर चढत गेले आणि पाणी जाण्याच्या पाइपाचं तोंड निम्मं बुजलं. उतार उलटा झाला, पाणी कठड्याच्या कडेला साचू लागलं, आणि गच्ची व कठडा यांच्या सांध्यातली 'वाट', म्हणजे सिमेंटची गोलाई, तर कधीच फुटलेली. ओल्या पृष्ठभागावर मारलेल्या कोटिंगला जागोजागी फोड आले होते. थरांमध्ये अडकलेलं पाणी पाऊस उघडल्यावरही दिवसचे दिवस झिरपत राहतं. शिवाय सिमेंटच्या 10 सेंमी थराचं वजन दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भरतं, आणि तो सगळा भार पेलणार तोच गंजका स्लॅब.

गंजाचं मूळही त्या पाण्यातच. ओल सळईपर्यंत पोचली की गंज चढतो, गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं, आणि मग खालचं काँक्रीट फुटून सुटतं. इंजिनिअरने हातोडीने ठोकून दाखवलं: भरीव जागी टणटण, सुटलेल्या जागी बदबद. एवढं ऐकायला कुठलंही यंत्र लागत नाही. दलालाच्या इंजिनिअरकडे हातोडीच नव्हती.

म्हणून घर बघताना आधी गच्ची उघडायला लावा. कुलूप उघडत नसेल तर बयाणा देऊ नका. सगळं घर जुनं आणि छतालाच तेवढा ताजा रंग असेल, तर तो का दिला ते विचारा. फॉल्स सीलिंग असेल तर एक दिवा खाचेतून काढून मोबाइलचा टॉर्च आत घाला, आम्हाला तेवढ्यानेही प्लास्टिक दिसलं असतं. लोणा म्हणजे ओलीने फुटणारे पांढरे क्षार, तांबूस ओघळ, सळईच्या रेषेत गेलेली चीर, ही लक्षणं रंगाखालूनही डोकं वर काढतात. कौलारू किंवा पत्र्याचं छत असेल तर वासे आणि रिपा टोचून वाळवी बघा, पत्र्याचे बोल्ट आणि वायसर बघा. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर गच्चीच्या दुरुस्तीची जबाबदारी कुणाची, ते लेखी घ्या.

पाइप बुजवून 24 ते 48 तास पाणी साठवायची चाचणी चांगली, पण स्लॅब सुटलेला वाटत असेल तर ती करू नका. 10 सेंमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 100 किलो भार.

आमचं प्रकरण आता कोर्टात आहे. वकिलांच्या मते गळती सिद्ध करणं सोपं, विकणाऱ्याला ती ठाऊक होती हे सिद्ध करणं कठीण, आणि तिथे ती नळी आमच्या कामी येईल. करारात मात्र घर 'आहे त्या स्थितीत' घेतल्याचं लिहिलंय आणि समोरची बाजू तेच पुढे करतेय. तुमच्या करारात छत कधी गळलं, दुरुस्ती कधी आणि कुणी केली, याचं विकणाऱ्याच्या सहीचं निवेदन जोडून घ्या, आणि जमलं तर थोडी रक्कम पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवा.